काशीदचा लाल चहा

१

"विष ह्यांच्याच चहात आहे! आणि विचारा ना ह्या बायकांना, एकीनं तरी स्वतः घोटभर चहा प्यायला का?"

लाटघर रिसॉर्टचा मॅनेजर निकेत हे भर मांडवात ओरडला, तेव्हा माझी सून प्रणाली हळदीच्या ताटाशेजारी उभी होती. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. पदर खोचला आणि म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. आम्ही बोर्लीच्या बायका आहोत, रस्त्यावर सापडलेल्या नाही."

पण माझं ऐकतो कोण? चहूकडे हाहाकार उडाला होता. नवरी मुलगी अमिषा पिवळ्या साडीत खुर्चीला धरून ओकत होती. तिच्या दोन मावश्या वाळूतच आडव्या झाल्या होत्या. तिचे मामा, रावजी त्यांचं नाव, पोट धरून असे कळवळत होते की बघवेना. गाडीत घालून त्यांना अलिबागच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

झालं होतं असं. बोर्ली पंचतनला आमचा बचत गट आहे. मी कमळ, गटाची अध्यक्ष, म्हणजे आरडाओरडा करणारी. पण गटाची खरी अक्कल प्रणालीची. परसात लाल अंबाडी लावायची, तिची बोंडं सुकवायची, त्यात गवती चहा, सुंठ आणि चिमूटभर ज्येष्ठमध घालायचं, ही सगळी तिची करामत. आंबटगोड, लालभडक चहा होतो. दूध नाही, चहापत्ती नाही. दोन वर्षं खपून पोरीनं ते जमवलं, सरकारी परवाना स्वतःच्या नावावर काढला. काशीदच्या ह्या रिसॉर्टनं अमिषाच्या लग्नासाठी आमचा चहा मागवला, तेव्हा आम्ही पाचजणी नटूनथटून वाढायला आलो होतो. आणि आता हे!

हवालदार विनेश मुरूडहून आले. माणूस सभ्य. चहाची पाकिटं त्यांनी तपासणीसाठी बांधून घेतली आणि म्हणाले, "तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल. पण रिसॉर्टवाले उद्या सकाळी लेखी तक्रार देणार म्हणतात. परवाना प्रणालीबाईंच्या नावावर आहे, तेव्हा गुन्हा त्यांच्यावरच नोंदला जाईल. तोवर काशीद सोडू नका."

प्रणालीनं नुसती मान डोलावली. ती मुळातच कमी बोलते. पण परवान्याची प्रत पिशवीतून काढून ती परत परत वाचत बसली, आणि मला राहवेना. मी लगेच अलिबागला फोन लावला. कोणाला लावला ते ऐकलं तर आमच्या गावातल्या बायका हसतील. माझ्या नणंदेला.

२

कोकिळावन्सं सरकारी अन्न प्रयोगशाळेत होत्या. आयुष्य भेसळ पकडण्यात गेलं. आता निवृत्त झाल्यात, पण जीभ आणि नाक अजून नोकरीवरच आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी आमटी नुसती हुंगून त्यांनी सांगितलं होतं, "वहिनी, मीठ विसरलात." तेव्हापासून आमचं जमत नाही. पण खोटं कशाला बोलू, संकटात आठवण झाली ती त्यांचीच.

काशीदलाच आवडाबाईच्या लेकीच्या घरी आम्ही उतरलो होतो. आवडाबाई म्हणजे गटातली सगळ्यात म्हातारी. दुपार कलताना वन्सं तिथे हजर. आल्या आल्या पिशवी ठेवली, चार पोहे खाल्ले आणि प्रणालीला समोर बसवलं.

"चहात काय काय घातलंस? एक गोष्ट लपवलीस तर उठून जाईन."

प्रणालीनं सगळं सांगितलं. वन्संनी आमच्याकडे उरलेल्या पाकिटातून मूठभर चहा थाळीत पसरला आणि निवडणीच्या तांदळासारखा बोटानं निवडून पाहिला.

"बाई गं, मी विष घातलंय असं वाटतं का तुम्हाला?" मी चिडले.

"वहिनी, तुम्ही नाही घातलं. पण झाडपाला आहे म्हणजे निरुपद्रवी, असं समजून लोक काय वाटेल ते उकळून पितात. म्हणून बघावं लागतं. ह्यात कण्हेरीचं पान आलं असतं तर लोकांच्या छातीचे ठोके बिघडले असते. धोतऱ्याचं बी आलं असतं तर तोंडाला कोरड पडून माणसं बरळली असती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या असत्या. दवाखान्यात फोन केला होता मी. रावजींचे ठोके ठीक, बाहुल्या ठीक. नुसत्या उलट्या आणि पोटात कळा."

"आणि ज्येष्ठमध?" प्रणालीनं हळूच विचारलं. "आत्या, मी वाचलं होतं, रक्तदाबवाल्यांना ते चालत नाही म्हणून."

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरोबर वाचलंस. पण ते रोज, भरपूर, कित्येक दिवस प्यायलं तर. एका पेल्यानं पाव तासात कोणी ओकत नाही. पाकिटावर मात्र ते छापलं पाहिजेस."

"छापलंय," प्रणाली म्हणाली. खरंच छापलं होतं.

वन्संनी थाळी बाजूला सारली. "पाकिटात काही नाही. मग जे काही झालं ते पाकीट फोडल्यावर झालं. आता मला एक सांगा, तुम्ही पाचजणींपैकी एकीनंही चहा का प्यायला नाही?"

आवडाबाईनं पदर तोंडाशी धरला. प्रणालीनं मान खाली घातली. मी आणि बाकीच्या दोघी स्वयंपाकघरातच राबत होतो, आम्हा मेलींना प्यायला वेळच मिळाला नव्हता. पण आवडाबाई आणि प्रणाली बाहेर वाढायला होत्या आणि त्या माझ्यापासूनही काही लपवत होत्या.

३

संध्याकाळी आम्ही दोघी नणंदभावजय रिसॉर्टवर गेलो. फाटकातच धनेश भेटला. हा उरणचा. आधी मिठागरावर होता, मग ट्रकच्या धंद्यात पडला आणि आता 'डिटॉक्स टी' विकतो. वऱ्हाडाकडून आमंत्रण होतं त्याला. आमची ऑर्डर आपल्याला मिळावी म्हणून त्यानं महिनाभर निकेतच्या मागे तगादा लावला होता. माझा तर शंभर टक्के संशय त्याच्यावर.

"काय कमळताई, क्या हो गया ये?" तो हसत म्हणाला. "मी बोललो होतो निकेतला, घरगुती मालाची गॅरंटी नसते."

"तुम्ही प्यायलात का चहा?" वन्संनी विचारलं.

त्याचं हसू जरा ओसरलं. "अर्धा गिलास. सुरुवातीलाच."

"का?"

"अहो... टेस्ट बघायला. धंद्यात बघावं लागतं ना, समोरचा काय घालतो ते."

"म्हणजे चव चोरायला!" मी म्हटलं.

"चोरायला काय, शिकायला. आणि मला काही झालं नाही, हां. एकदम फर्स्ट क्लास होता." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

वन्संचे डोळे चमकले. "सुरुवातीला म्हणजे कधी? वऱ्हाड आलं होतं?"

"कुठलं! वऱ्हाड उरणहून निघालं आणि कंटेनरच्या रांगेत अडकलं. चहा तयार, माणसं गायब. मी आधीच माझ्या गाडीनं आलेलो. फोटोग्राफर आणि मी, आम्ही दोघांनी घेतला तेव्हा. बाकीच्यांनी वऱ्हाड आल्यावर."

पुढे वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर अल्पेश टायर तपासत होता. त्यानं तर आणखीच कोड्यात टाकलं. "मी पण घेतला ना चहा. बाहेर गर्दी, म्हणून मी डायरेक्ट किचनमध्ये गेलो. स्टीलच्या पातेल्यात तळाशी उरला होता, तो थर्मासमध्ये भरला. दुपारभर पीत होतो. मला काय झालं? ढेकर पण नाय आली."

मी वन्संचा हात धरला. "म्हणजे एकच चहा. आधी प्यायले ते ठणठणीत, मागाहून प्यायले ते आजारी. आणि हा मागाहून प्यायला तरी ठणठणीत! वन्सं, माझं डोकं फिरायला लागलंय."

"माझं आत्ता कुठे जागेवर यायला लागलंय," त्या म्हणाल्या.

अमिषा खोलीत पडून होती. चेहरा उतरलेला, पण पोरगी गोड. आमच्यावर तिनं राग धरला नव्हता. वन्संनी तिला एकच गोष्ट विचारली, चव कशी होती.

"पहिल्यांदा आंबट. मस्त. मग... कसं सांगू, लहानपणी नाणं तोंडात धरायचो ना, तसं. जीभ एकदम घट्ट झाल्यासारखी. मामा म्हणाले, हर्बल आहे, असंच असणार, आणि दुसरा पेला घेतला."

"तू पेल्यानं प्यायलीस?"

"नाही, हातावर मेंदी होती. माझ्या बाटलीत भरून दिला होता, स्ट्रॉनं." तिनं उशाकडे बोट दाखवलं. "अजून आहे त्यात. आई म्हणाली फेकून दे, मला उठवलंच नाही."

वन्संनी ती बाटली अशी उचलली, जणू देव्हाऱ्यातून देव उचलतायत. उजेडाकडे धरली. आमचा चहा माणकासारखा लाल असतो. बाटलीतला काळपट जांभळा दिसत होता.

४

मांडवात हळदीची सजावट तशीच होती. झेंडू, केळीचे खांब, जुनं जातं, पितळी समया, आणि मधोमध लोखंडी शेगडीवर तांब्याचं मोठं घंगाळ. दोन कड्यांचं, घासून लखलखीत केलेलं. चहा त्यातूनच पळीनं वाढला होता. 'गावाकडचा फील' म्हणे.

निकेत लगबगीनं आला. माणूस तिशीतला, शर्टाची इस्त्री कडक. "मॅडम, तपास पोलीस करतील. तुम्ही कशाला?"

"मी नुसती बघतेय. सुंदर सजवलंय हो. हे कोणाचं डोकं?"

तो खुलला. "माझं. लोकांना ऑथेंटिक पाहिजे. चहा किचनमध्ये उकळला, मग ह्यात ओतला. खाली निखारे होतेच. वऱ्हाड येईपर्यंत गरम राहिला. वर लिंबं पिळली, त्यानं लाल रंग खुलतो. रील काय झकास आलं!"

"लिंबं किती?"

"भरपूर. डझनभर तरी."

वन्सं घंगाळावर वाकल्या. मीही वाकले. आत चांदीसारखं पांढरंशुभ्र. त्यांनी बोट फिरवलं, हुंगलं.

"स्वच्छ आहे," निकेत घाईनं म्हणाला. "बघा ना, कल्हई एकदम परफेक्ट आहे. आमच्याकडून काही चूक नाही. हायजीनच्या बाबतीत मी फार कडक आहे."

"दिसतंय," वन्सं म्हणाल्या. बस, एवढंच. आणि चालू लागल्या. मला वाटलं, झालं, हात टेकले बाईंनी. वाटेभर मी बडबडत राहिले, त्या गुणगुणत होत्या. माझ्या सुनेवर उद्या गुन्हा दाखल होणार आणि ह्यांना गाणं सुचतंय!

घरी आल्यावर त्यांनी आवडाबाईच्या जावयाकडून एक नवा लोखंडी खिळा मागून घेतला, काचपेपरनं चकचकीत घासला आणि अमिषाच्या बाटलीतला चहा वाटीत ओतून त्यात बुडवून ठेवला. मग जेवायला बसल्या आणि भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "आवडाबाय, आता सांग. चहा का नाही प्यायलीस?"

"ऱ्हाऊ द्या ना ताई."

"प्रणालीला उद्या पोलीस नेतील. तरी ऱ्हाऊ दे?"

म्हातारीचे डोळे भरून आले. "कसा सांगू? लाज वाटतंय. ता घंगाळ हाय ना, ता आंघोलीचा. आमच्या घरात व्हता. त्यात न्हानीचा पानी काढतात, बालंतिणीला न्हाऊ घालतात. त्यात च्या? माज्या घशाखाली उतरंना. पन लोकाच्या लग्नघरात, पावन्यांसमोर, तुमचा भांडा वंगाल हाय असा कसा बोलायचा? मी प्रणालीच्या कानात बोल्ले. ती पन गप ऱ्हायली."

"मला वाटलं, त्यांची सजावट, त्यांचा आनंद," प्रणाली ताट बाजूला सारत म्हणाली. "शहरातली माणसं. नाव ठेवल्यासारखं होईल. नुसती किळस होती आत्या, अपाय होईल हे डोक्यातच आलं नाही. आणि मागाहून बोलले असते तर म्हणाले असते, स्वतःचं पाप झाकायला भांड्यावर ढकलतायत."

मी कपाळावर हात मारला. सभ्यपणा तरी किती असावा माणसानं!

वन्सं मात्र अशा हसल्या की घास अडकायची वेळ आली. "वहिनी, पकडला मी त्याला!"

५

सकाळी मांडवात सगळे जमले. हवालदार विनेश, धनेश, अमिषा आणि तिचे आईवडील, निम्मं वऱ्हाड. निकेतच्या हातात तक्रारीचा कागद तयार. वन्संनी हवालदारांना म्हटलं, "साहेब, कागद घ्यायच्या आधी माझं ऐकून घ्या." ते म्हणाले, "बोला."

"काल दोन जणांनी हा चहा सुरुवातीला घेतला. त्यांना काही झालं नाही. ड्रायव्हरनं स्टीलच्या पातेल्यातून घेतला, त्यालाही नाही. आजारी कोण पडलं? ह्या घंगाळात तो चहा दीडदोन तास निखाऱ्यावर राहिल्यावर ज्यांनी प्यायला ते. तेव्हा पाकीट निर्दोष, पातेलं निर्दोष. दोष इथे, घंगाळात."

"म्हणजे कोणीतरी ह्यात विष टाकलं!" धनेश घाबरून म्हणाला. "मी नाय हां!"

"कोणी टाकलं नाही. घंगाळानंच दिलं. अंबाडी आंबट, तिच्यावर डझनभर लिंबं आंबट. असला गरम आंबट चहा उघड्या तांब्यात तासन्‌तास ठेवला तर तांबं सुटून त्यात उतरतं. आपल्या आज्या त्याला कळकणं म्हणायच्या. ताक कळकतं, आमटी कळकते. म्हणून तर तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करायचे."

निकेतच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "एक्झॅक्टली! पण ह्याला कल्हई आहे, मॅडम. तुम्ही काल स्वतः पाहिलीत. मग तांबं उतरेल कुठून?"

"वा!" वन्सं म्हणाल्या. "हाच प्रश्न मला पडला. तासन्‌तास लाल चहा मुरला तरी त्या कल्हईवर डागाचं नाव नाही. कल्हई लावताना टाकतात त्या नवसागराचा ताजा वास मात्र येतोय. आणि मुख्य म्हणजे, निकेतराव, घंगाळ हे आंघोळीच्या पाण्याचं भांडं. त्यात कोणी रांधत नाही की पीत नाही. मग मला सांगा, घंगाळाला कधी कोणी कल्हई करतं का?"

मांडवातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीला हसू फुटलं. "अगो बाय, आंघोलीचा घंगाल! त्यातला च्या पाजला आमाला?"

"मी... ते विकत घेतलं तेव्हाच तसं होतं," निकेत म्हणाला.

"असं?" वन्संनी अमिषाकडे पाहिलं. पोरीनं मोबाईल हवालदारांपुढे धरला. निकेतचंच झकास रील. धनेश पळीनं चहा घेतोय, घंगाळ काठापासून बरंच खाली भरलेलं आणि चहाच्या वर आतली कड तांबडीलाल. पांढऱ्याचा ठिपका नाही.

"आता ह्या पट्ट्यात कल्हईवाले उरलेत किती? मला एकच माहीत. या चाचा."

रेवदंड्याचे लतीफचाचा मागून पुढे आले. "काल दुपारी ह्यांनी गाडी पाठवून बोलावलं. म्हणाले, अर्जंट आहे. आत कडेनं हिरवी रेघ होती, कळकलेली. मी बोललो, साहेब, उमर गेली माझी, घंगाळाला कल्हई लावली नाही कधी. हे बोलले, लावा, आणि कुणाला सांगू नका. मला काय माहीत, मागे एवढा मामला आहे!"

शेवटी वन्संनी पदराखालून वाटी काढली आणि चिमट्यानं खिळा वर उचलला. काल चकचकीत पांढरा होता. आज चहात बुडालेला भाग तांबूस झाला होता. "चहात तांबं होतं, ते लोखंडावर चढून बसलं. प्रयोगशाळा आकडा सांगेल. पण डोळ्यांनी दिसतंय ते एवढं."

निकेत मटकन खुर्चीत बसला. "मला खरंच माहीत नव्हतं. लोक आजारी पडल्यावर हिरवी रेघ पाहिली आणि गूगल केलं. माझी नोकरी गेली असती."

"माहीत नव्हतं ही चूक," वन्सं कडाडल्या. "पण कळल्यावर दवाखान्यात फोन करून सांगायला हवं होतं, की तांबं पोटात गेलंय. ते न करता तू भांडं रंगवलंस आणि एका पोरीचं नाव पुढे केलंस. हा गुन्हा."

६

हवालदारांनी तक्रारीचा कागद दुमडून खिशात घातला. निकेत प्रणालीजवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, सॉरी. आपण हे आपसात मिटवू. वर्षभराची ऑर्डर देतो. बाहेर बोलू नका."

मी तोंड उघडणार इतक्यात प्रणालीच बोलली. माझ्या सुनेचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळा मांडव वळून पाहू लागला.

"काल भांड्याबद्दल मी गप्प राहिले, तुमचा मान राखायला. त्यापायी माणसं दवाखान्यात गेली. आज गप्प राहणार नाही. चारचौघांत माझं नाव घालवलंत, आता चारचौघांत परत करा. मोठ्यानं."

आणि त्याला करावं लागलं! भरल्या मांडवात, हात जोडून, चहा निर्दोष होता, चूक माझी होती, असं त्यानं मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. मग हवालदार त्याला जबाबासाठी घेऊन गेले. आवडाबाईनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की समुद्रावरच्या घोडेवाल्यांनी मान वळवली. धनेशसुद्धा टाळ्या वाजवत होता. मी तर रडतही होते आणि ओरडतही होते. ही माझी सून, ही माझी सून, असं ज्याला त्याला सांगत सुटले. वन्संना मी सगळ्यांसमोर मिठी मारली. त्या म्हणाल्या, "पुरे वहिनी, लुगडं चुरगळलं." पण सोडवून घेतलं नाही त्यांनी.

लग्न त्याच संध्याकाळी लागलं. प्रणालीनं स्टीलच्या पातेल्यात चहा उकळला आणि पातेलं घेऊन स्वतः मांडवाच्या मध्यभागी उभी राहिली. पण खरं सांगू, आधी कोणी पुढे येईना. चूक कोणाची ते सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी पोटाची भीती डोक्याचं कुठे ऐकते? पोरगी पळी धरून ताठ उभी होती.

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दवाखान्यातून सुटलेले रावजीमामा उतरले. पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू चालत ते थेट प्रणालीपुढे आले. त्यांनी पेला घेतला, एका दमात संपवला, मिशी पुसली आणि पेला पुन्हा पुढे केला.

"भर गं पोरी," ते म्हणाले, "ह्या वेळेला काठोकाठ."

त्यांच्यामागे रांग लागली ती थेट फाटकापर्यंत.